पान एकतीस

३ ऑगस्ट, मंगळवार

आज 'फाइल' म्हणाला.

सात आठवड्यांत पहिला शब्द. 'हो' सोडून. पाणी नाही, आई नाही, माझं नाव नाही — फाइल! बोलक्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. गेलेली वाचा परत आणायचे धडे देतात त्या. मनात मी त्यांना बोलक्या बाईच म्हणते. "बघा, सांगितलं होतं ना? कामातले शब्द सगळ्यात खोल रुजलेले असतात. तिथूनच ओढायचं."

म्हणून त्याचीच पुस्तिका घेतली आहे. 'संगणकाची पहिली ओळख.' बत्तीस पानं, छायाप्रती काढून तारेत ओवलेली. वाचनालयाच्या माडीवर तो वीस वर्षं हेच शिकवत होता — ज्यांनी कधी यंत्राला हात लावलेला नाही अशा मोठ्या माणसांना. १४ जूनला, सोमवारी, तिथेच पडला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पाय थोडा परत आला.

कळतं सगळं, म्हणतात. सगळं म्हणजे किती, ते कोणी सांगत नाही.

जो नवरा घरात सव्वीस वर्षं बोलला नाही, त्याला बोलायला शिकवायचं काम माझ्याकडे. मोरीत नळ सोडून हसले.

४ ऑगस्ट, बुधवार

शाळेतून रजा वाढवून मिळाली. पाठ रोज सकाळी नऊ ते दहा. जमेल तसं एखाद-दोन पानं. मी बोट ठेवते, मोठ्याने वाचते, तो माझ्या ओठांकडे बघतो.

पान दोन. "कर्सर: शिंप्याच्या सुईचं टोक. जिथे टोक, तिथेच टाका पडणार. लिहायच्या आधी टोक कुठे आहे ते पाहा."

पान तीन. "सेव्ह: टाके घालून झाल्यावरची गाठ. गाठ मारली नाही तर सगळं उसवणार, मग मला बोलायचं नाही."

मग मला बोलायचं नाही! हे त्याने लिहिलं? ही पुस्तिका कपाटावर कायम असायची. मी कधी उघडली नव्हती. मुलांच्या वह्या तपासत मी टेबलाच्या या टोकाला, तो त्या टोकाला. मधे मीठ.

६ ऑगस्ट, शुक्रवार

इथे लिहून टाकते. नाहीतर वही कशाला ठेवायची.

१० जूनला, गुरुवारी, मी त्याला ईमेल पाठवली. आयुष्यातली पहिली. दोन वर्षांपूर्वी माझ्या वाढदिवशी त्यानेच माझं खातं उघडून दिलं होतं. "असू दे," एवढंच म्हणाला होता. कधी वापरलं नाही. कागदावर लिहिलं असतं तर हातात द्यावं लागलं असतं. तोंडाने सांगायचं तर त्याने ऐकून घेतलं असतं आणि भांडं विसळलं असतं. म्हणून तिथे.

लिहिलं की मी जाते आहे. दुसऱ्या गावी मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिकेची जागा आहे, राहायला खोली आहे. भांडण नाही. तू वाईट नाहीस. पण या घरात मी एकटीच बोलते आणि आता माझा मलाच आवाज नकोसा झाला आहे. सतरा ओळी. दोनदा शुद्ध केलं.

गुरुवारी पाठवलं, सोमवारी तो पडला. मधले चार दिवस काहीच बोलला नाही. पण तो कधीच काही बोलत नसे. तेव्हा वाचून गप्प होता, की न वाचता?

वाचलं असेल, तर ते मी केलं.

९ ऑगस्ट, सोमवार

वन्सं आल्या. त्याच्याहून सहा वर्षांनी मोठ्या. पाठ चालू असतानाच आल्या आणि खुर्ची न घेता उभ्या राहिल्या.

"माणसाला पाणी मागता येईना, आणि ही त्याला ब्राउझर शिकवतेय!"

"बाईंनी सांगितलंय, वन्सं."

"लहानपणी तरी कुठे बोलायचा? आई म्हणायची, बोलणाऱ्याच्या एरंड्या विकल्या जातात, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात. तरी बरं, तुझ्यासारखी मिळाली. दोघांचं बोलतेस." मग त्याच्याकडे वळून, मोठ्याने, जणू तो बहिरा आहे, "काय रे, बरोबर ना?"

"हो."

"बघ!"

त्याचा 'हो' सगळ्यालाच असतो. जेवलास? हो. भूक लागली? हो. बोलक्या बाई म्हणतात, तो शब्द जिभेवर अडकून राहिला आहे, त्याचा अर्थाशी संबंध नाही. वन्संना हे चारदा सांगितलं. त्यांना तो आवडतो तसाच.

११ ऑगस्ट, बुधवार

आज चमच्याला 'फोल्डर' म्हणाला. मी चमचा दिला. बाई म्हणतात, चूक दुरुस्त करायची नाही लगेच, शब्द बाहेर पडू दे. माझ्या हातातलं लाल पेन घरी आणायला मनाई आहे. थट्टेने म्हणाल्या, पण डोळे थट्टेचे नव्हते.

पान सहावर होतो. डाव्या हाताने त्याने पुस्तिका ओढली आणि पानं उलटली. चारपाच एकदम, मग एकेक. शेवटाकडे एका पानावर थांबला. बोट आपटलं. मी पाहिलं — पान एकतीस. पंचवीस पानं पुढे! म्हटलं, क्रमाने जायचं. मधलं सोडलं तर पाया कच्चा राहतो. परत सहावर आणलं.

"इंटरनेट: गल्लीतल्या बायका. एकीला सांगितलं की गावाला कळतं. फक्त कोणी सांगितलं ते कोणालाच माहीत नसतं."

'नेट' म्हणाला. स्पष्ट.

१२ ऑगस्ट, गुरुवार

शिंपीकाका आले. त्याच्या वर्गातले. वय सत्तर, गळ्यात अजून टेप, काढायची विसरले म्हणतात. खिशातून चिठ्ठी काढली, तीत पाच प्रश्न. मग चिठ्ठी परत खिशात ठेवली. "सर बरे झाले की विचारीन. घाई नाही. तोवर मी त्या यंत्राला काही बिघडवू शकत नाही, कारण चालूच करता येत नाही."

तो हसला. अर्ध्या तोंडाने, पण हसला. मी ते हसू पाहिलंच नव्हतं — अख्खंसुद्धा.

दारापर्यंत सोडायला गेले तेव्हा विचारलं, त्या दिवशी नक्की काय झालं. डॉक्टरांना सांगितलं होतं काकांनी, मला कोणीच सांगितलं नव्हतं.

"सरांनी आम्हाला सराव दिला होता. बाराखडी. स्वतः त्यांच्या टेबलावर काहीतरी टाइप करत बसले होते. मी पहिल्या बाकावर, मला पडदा दिसायचा. बघतो तर पडद्यावर नुसतं म म म म, ओळीच्या ओळी. मला वाटलं, आम्हाला गंमत दाखवतायत — कळ दाबून धरली की काय होतं ते. मी हसलोसुद्धा, वहिनी." टेपचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. "बोट कळीवर तसंच. मग खुर्चीतून कलले. कोणीतरी यंत्र बंद केलं. घाबरून."

१३ ऑगस्ट, शुक्रवार

केलं.

तो झोपला असताना घरच्या यंत्रावर माझं खातं उघडलं. 'पाठवलेली पत्रं' असा खण आहे. त्यात एकच. सतरा ओळी. निवडलं, पुसलं. विचारलं, नक्की? नक्की.

आता कुठेच नाही. त्याने वाचलं नसेल तर आता वाचणारही नाही. त्याच्या जवळ बसले. झोपेत त्याचं तोंड उजवीकडे घसरतं.

१७ ऑगस्ट, मंगळवार

पान तेरा. पुन्हा एकतीसकडे पळायला बघत होता, मी हात धरला. 'नाही' म्हणता येत नाही त्याला, तरी ते 'नाही' होतं.

शिंपीकाका परत आले. चहा पिताना सहज विचारलं, वर्गात ईमेल शिकवली होती का. माझ्याकडून चुकून एकाला पत्र गेलं, ते मी माझ्याकडून पुसलं, म्हणजे झालं ना?

काका हसले. "मीपण हेच विचारलं होतं! सर म्हणाले, काका, गिऱ्हाइकाला सदरा शिवून दिलात. मग तुमच्या वहीतलं त्याचं माप खोडलंत. त्याच्या अंगावरचा सदरा नाहीसा होईल का?"

चहा सांडला. काका म्हणाले, सरांना प्रत्येकाचं उदाहरण सापडतं. पोस्टातल्याला पोस्टाचं, मला शिलाईचं, भाजीवालीला भाजीचं. घरून येताना वाटेत शोधत येतात म्हणायचे.

आमच्या घरून वर्गापर्यंत वीस मिनिटं चालत. सगळ्या जगाला उदाहरणं.

२० ऑगस्ट, शुक्रवार

बोलक्या बाईंनी आज त्याला यंत्रासमोर बसवलं. "तोंड विसरतं, हात विसरत नाही. डावा असला तरी." डाव्या बोटाने एकेक कळ शोधत त्याने परवलीचा शब्द लिहिला. मी मान वळवली — पान अकरा: "पासवर्ड: घरच्यांनाही न सांगायची एकमेव गोष्ट." एकमेव!

त्याची पेटी उघडली. बाईंना आनंद झाला. त्याचं बोट पडद्याच्या डाव्या बाजूला, खणांच्या यादीवर फिरत होतं — आलेली, मसुदे (१), पाठवलेली, कचरा. तेवढ्यात चालवणारा आला, पायाचा व्यायाम घेणारा. रोज याच वेळी येतो, त्याला दुसरीकडे जायचं असतं. "चला सर, बाहेर चार फेऱ्या." त्याला उठायचं नव्हतं. उठवलं. बाईही सोबत गेल्या.

मी आणि पेटी.

खाली गेले. जून. दहा. माझं नाव. ठळक! काळंभोर, जाड. तो पडल्यानंतर आलेली जाडच असणार, पण त्याआधीची सगळी बारीक, हे एकच जाड. काकांकडून ऐकलं होतं — न वाचलेलं ठळक दिसतं, एकदा उघडलं की बारीक होतं.

वाचलं नव्हतं त्याने.

खुर्चीवर बसले. मग पुसलं. मग कचऱ्याच्या खणात जाऊन तिथूनही पुसलं. कायमचं? हो. त्याचा शब्द.

फेऱ्या मारून परत आला. पडद्यावर खाली-खाली गेला. जून. त्या जागी थांबला. बराच वेळ.

"हो," म्हणाला.

"काय हो?" मी म्हटलं. "दूध आणू?"

२१ ऑगस्ट, शनिवार

दहा आठवड्यांनी झोप लागली. वाईट झोप. पण लागली.

२३ ऑगस्ट, सोमवार

वसतिगृहातून फोन. जागा एक सप्टेंबरपर्यंतच धरून ठेवता येईल. आढेवेढे न घेता वन्संना सांगितलं. सगळं नाही — नोकरी आहे, एवढंच. वाटलं होतं आकाश कोसळेल. त्या म्हणाल्या, "जा. माझा भाऊ आहे, मी बघेन. तू सव्वीस वर्षं बघितलंस, आता माझी पाळी." मग थोडं थांबून, "मी तरी कोणाशी बोलत असते गं दिवसभर."

बुधवारी, एक तारखेला, सकाळी दहाला वन्सं त्याला न्यायला येतील. साडेदहाची माझी गाडी.

त्याने वाचलं नव्हतं. मग जायला काय हरकत आहे? माझ्या जाण्याने त्याला काही झालेलं नाही. हे मी तीनदा लिहून तीनदा खोडलं.

२४ ऑगस्ट, मंगळवार

पुस्तिका पुरी करूनच जायची. रोज दोन-तीन पानं. आज 'डाउनलोड' म्हणाला, आणि पाण्याच्या पेल्याकडे हात केला. पेला दिला. वन्सं असत्या तर —

२७ ऑगस्ट, शुक्रवार

पान एकोणतीस. मोठ्याने वाचत होते, म्हणून मधे थांबता आलं नाही.

"न वाचलेलं पत्र ठळक दिसतं. उघडलं की साधं होतं. पण वाचलेलं पत्रही पुन्हा ठळक करून ठेवता येतं. ज्याला उत्तर द्यायचं आहे आणि जमत नाही, त्याने असं करावं. पत्र डोळ्यांसमोर राहतं. मी करतो."

मी करतो.

तो माझ्या ओठांकडे बघत नव्हता. डोळ्यांकडे बघत होता.

२८ ऑगस्ट, शनिवार

ते चार दिवस परत काढून बघते आहे. गुरुवारी संध्याकाळी उशिरा आला. शुक्रवारी नेहमीसारखा. शनिवारी नेहमीसारखा. रविवारी मी बाजारात गेले होते. सोमवारी सकाळी माझं कपाट उघडलं — आवाज नाही! पाच वर्षं किरकिरणारी बिजागरी. त्याने तेल घातलं होतं. सांगितलं नव्हतं. तेव्हा वाटलं, चला, एक काम झालं.

ज्या कपाटातून मी कपडे काढून नेणार होते, ते.

की उगीच? बिजागरीला तेल माणूस कधीतरी घालतोच.

२९ ऑगस्ट, रविवार

विचारलं. समोर बसून, हात धरून.

"माझं पत्र वाचलं होतंस?"

"हो."

"आपल्या घराला सतरा दारं आहेत?"

"हो."

"वाचलं नव्हतंस ना?"

"हो." आणि रडायला लागला. अर्ध्या चेहऱ्याने. मी पदराने पुसलं. मुलांना असे प्रश्न परीक्षेत घालायचे नाहीत, हे मीच नव्या शिक्षकांना सांगते — ज्यांची सगळी उत्तरं बरोबर येतात.

३० ऑगस्ट, सोमवार

पान तीस. कचरापेटी. "इथून पुसलेलं परत येत नाही. मला विचारू नका, रडू नका, चहा प्या."

बॅग भरली. कपाट आवाज करत नाही.

३१ ऑगस्ट, मंगळवार

पाठ क्रमानेच एकतीसवर आला. त्याने आज बोट आपटलं नाही. हात मांडीवर ठेवून बसला.

"मसुदा: लिहायला घेतलेलं, न पाठवलेलं पत्र. हे आपोआप जपून राहतं, गाठ मारायला विसरलात तरी. अर्ध्या शब्दावर यंत्र बंद झालं तरी. शाळेत मुलं आधी कच्च्या वहीत लिहितात, मग पक्क्या वहीत उतरवतात. आमच्या घरी एक शिक्षिका आहेत. त्या म्हणतात, मूल खरं कसं आहे ते कच्च्या वहीतच दिसतं, पक्की वही सगळ्यांची सारखीच."

हे मी म्हटलं होतं. केव्हा? दहा-बारा वर्षं झाली असतील. वह्यांच्या गठ्ठ्याशी बोलले होते, माणसाशी नाही. तो टेबलाच्या त्या टोकाला पाठ करून काहीतरी दुरुस्त करत होता.

माझं उदाहरण होतं. इतक्या वर्षांत किती लोकांनी वाचलं असेल. मी क्रमाने आले.

मसुदे (१). ते मी पाहिलं होतं, वीस तारखेला.

यंत्र लावलं. त्याने डाव्या बोटाने कळा दाबल्या. परवलीचा शब्द तीनदा चुकला. पेटी उद्या सकाळपर्यंत बंद, असं आलं.

१ सप्टेंबर, बुधवार

आठला उघडली. पहिल्या फटक्यात. मसुदा एकच. १४ जून, मला. उतरवून ठेवते —

"वाचलं. चार दिवस रोज वाचून परत ठळक करतो आहे. वर्गात प्रत्येकाला काहीतरी सांगायला सापडतं. घरी येतानाही वाटेत तुझ्यासाठी शोधत येतो. दार उघडेपर्यंत संपून जातं. थांब म्हणायचा मला हक्क नाही. तू बोलायचीस ते मी सगळं ऐकलं आहे. त्यातलं एक वाक्य चोरून पुस्तिकेत घातलं, तेही सांगितलं नाही. आता एवढंच सांगायचं आहे की ममममममममममममम"

पुढे पाच ओळी नुसता म.

कर्सर शेवटच्या म पुढे लुकलुकत होता. त्याने डावा हात उचलून कळीवर ठेवला. बॅकस्पेस. एक म गेला. थांबला. मग दुसरा. दाबून धरलं तर सगळे एकदम जातात, पान सातवर त्यानेच लिहिलंय. तो दाबून धरत नाही.

दहाला वन्सं आल्या. "काय गं, तयारी झाली? काय करतोय तो?"

"वाक्य पुरं करतोय," मी म्हटलं. "बसा ना."

साडेदहा होऊन गेले. अजून दीड ओळ आहे.